एडलबर्गची वरात

१२ जानेवारी

आज मी एडलबर्ग घेतली.

हे वाक्य लिहून पेन खाली ठेवलं, पुन्हा वाचलं, उठून पाणी पिऊन आलो आणि पुन्हा वाचलं. घेतली म्हणजे सही केली. गाडी यायला अजून तीन-चार आठवडे आहेत. किंमत इथं लिहीत नाही, कारण सहीच्या वेळी बाहेर चहाला बसवलेली माझी बायको त्रिशला ही वही वाचते असा मला संशय आहे.

पुण्याच्या शोरूममधला मुलगा मला म्हणाला, "सर, एडलबर्ग आम्ही विकत नाही. एडलबर्ग आपला मालक निवडते." एरवी असं कुणी मार्केट यार्डात बोललं असतं तर मी हळदीच्या पोत्यावर बसून हसलो असतो. तिथं मात्र मी ताठ बसलो आणि शर्टाची कॉलर नीट केली. सांगली जिल्ह्यात अजून एकही एडलबर्ग नाही, साताऱ्यातही नाही, असं तो म्हणाला. दहा-दहा वर्षं वर्कशॉप बघत नाही अशी गाडी, असंही म्हणाला.

अडचण फक्त सीटची आली. आतून सगळं कातडं. मी म्हटलं, आम्ही जैन, कातड्यावर बसणार नाही. तो आत गेला, फोन केला, परत आला आणि म्हणाला की कापडी सीट खास मागवाव्या लागतील, देशात अशी एकही गाडी नाही. म्हणजे आष्ट्याच्या सुकुमार मगदुमाची गाडी देशात एकटी! परत येताना पुणे ते कऱ्हाड मी एकटाच हसत होतो. शेजारच्या सीटवरची त्रिशला म्हणाली, "अहो, समोर बघा."

खरं कारणही लिहून ठेवतो. दिवाळीनंतर आमच्या मुलानं, जिनेशनं, पेढीवरची माझी बैठक काढून तिथं कॉम्प्युटर ठेवला. पोरगं चांगलं आहे, व्यापार माझ्यापेक्षा बरा करतं. "अण्णा, आता आराम करा," म्हणाला. एकसष्टाव्या वर्षी आराम करायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे मला दोन महिन्यांत कळलेलं नाही. सकाळी अंघोळ, बस्तीत जिनदेवाचं दर्शन, नाश्ता, आणि मग एकदम संध्याकाळच्या जेवणापर्यंत काहीच नाही.

९ फेब्रुवारी

आली! आली! आली!

मोठ्या ट्रकवर पांढरं कापड घालून आणली. ट्रक आमच्या गल्लीत शिरेना म्हणून ती मळ्याच्या रस्त्यावर उतरवली. कापड काढल्यावर जमलेल्या माणसांनी एकदम फोन वर केले. रंग काळा म्हणून सांगितलेला, पण उन्हात तो जांभळा दिसतो, पिकल्या जांभळासारखा.

नेमकी तेव्हाच मल्हारची मेंढरं रस्त्यावर आली. मल्हार हा विट्याच्या पलीकडच्या माळावरचा धनगर. ऊस तुटला की दरवर्षी खतासाठी आमच्या रानात मेंढरं बसवतो, वीस-बावीस वर्षं झाली. गाडीच्या चारी बाजूंनी मेंढरं, आणि गाडीला जागोजाग सेन्सर. मेंढरू जवळ आलं की गाडी पीं करते. दीडशे मेंढरं! गाडी अशी केकाटायला लागली की मला कानात बोटं घालावी लागली.

मल्हार ओरडला, "आवं अण्णा, गप करा की तिला! मेंढरं बिथरत्याली!"

"तूच तुझी मेंढरं हटव!"

"मेंढरं गपच हायती. तुमचीच गाडी वरडाय लागलीया."

मल्हारची आई बनाबाई मात्र शांतपणे पुढं आली. ऐंशीच्या पुढची बाई. गाडीवरून तिनं दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. नाव काय म्हणून विचारलं. मी एडलबर्ग सांगितलं. ती म्हणाली, "येडलबर्ग? येडी हाय व्हय?" झालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आष्ट्यात गाडीचं नाव 'येडी' पडलं. मला जरा वाईट वाटलं, पण प्रसिद्धी ती प्रसिद्धीच.

११ फेब्रुवारी

घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. ही गाडी म्हणजे काही आपली जुनी जीप नव्हे. हिच्यात खायचं नाही, चपला झाडल्याशिवाय चढायचं नाही, घरच्यांखेरीज कुणाला बसवायचं नाही आणि स्टिअरिंगला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. दुर्मिळ वस्तू दुर्मिळच राहिली पाहिजे, रोज दिसली तर तिची किंमत जाते.

त्रिशला म्हणाली, "मग काढायची कवा?"

मी गाडीवर कापड घालायला गेलो.

१६ फेब्रुवारी

कुपवाडच्या पप्पूशेठचा फोन आला. त्यांचा पिशव्यांचा लहान कारखाना आहे. नवीन मशीनची पूजा होती. म्हणाले, "अण्णा, येडी घेऊन या, कारखान्याच्या दारात नुसती उभी करा, आमची पत वाढंल." नाही कसं म्हणणार? पत वाढवणं हेच तर या गाडीचं काम.

गेलो. कामगारांच्या मोटारसायकलींच्या रांगेत एडलबर्ग उभी केली. तिथल्या बायकांनी गाडीबरोबर फोटो काढले, मलाही मध्ये उभं केलं. नारळ मला फोडायला लावला. मग जेवायला बसवलं. पप्पूशेठच्या वडिलांशी हळदीच्या जुन्या सौद्यांवर बोलत बसलो ते तिन्हीसांजेपर्यंत. माणसांना एडलबर्गचं किती आकर्षण आहे बघा, मला सोडेचनात.

२८ फेब्रुवारी

या आठवड्यात लिहायला सवड झाली नाही. सोमवारी हायस्कूलच्या शिपायांच्या निरोप समारंभाला त्यांना घरून गाडीतून नेलं. ते आणि त्यांची बायको मागं बसले आणि संपूर्ण रस्ता एकमेकांचा हात धरून होते. मंगळवारी हरणाबाई भाजीवालीला मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणलं. तिच्या मुलानं विचारलं, "गाडी खराब हुईल का?" मी म्हटलं, एडलबर्ग खराब होत नाही. बुधवारी एकाचं बारसं, गुरुवारी एका पोरीची पहिली नोकरी.

घरच्यांखेरीज कुणी नाही हा नियम तात्पुरता बाजूला ठेवला आहे. खाण्याचाही. हरणाबाईनं वाटेत शेंगदाण्याचा लाडू दिला, तो नाकारणं बरं दिसलं नसतं.

जिनेश म्हणतो ड्रायव्हर ठेवा. मी म्हटलं, अरे, या गाडीचा मान असा आहे की मालकानं स्वतः चालवावी लागते. त्रिशला पोळ्या लाटता लाटता हसत होती. का, ते विचारलं नाही.

१७ मार्च

हे पान लिहून झाल्यावर फाडावं का, या विचारात आहे.

आज सांगलीहून येताना, आष्टा दोन-तीन किलोमीटरवर असताना, गाडी बंद पडली.

लिहिलं एकदाचं. काचेवर लाल चिन्हं आली, गाडीच्या आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि एडलबर्ग रस्त्याच्या कडेला गप्प झाली. बटण दाबलं, पुन्हा दाबलं, किल्ली खिशातून काढून गाडीला दाखवली. काही नाही.

दोन-तीन कोटींची... (खोडलं.) एवढी नावाची गाडी, दहा वर्षं वर्कशॉप न बघणारी, आणि महिना-दीड महिन्यात रस्त्यावर? लोक काय म्हणतील? मी काच खाली केली, कोपर बाहेर ठेवला आणि उसाकडे बघत बसलो.

पहिला मोटारसायकलवाला थांबला. "काय अण्णा?"

"काही नाही. थांबलोय जरा. वारं चांगलं आहे."

वारं अजिबात नव्हतं. तो दोन मिनिटं माझ्याबरोबर उसाकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "व्हय, वारं झाक हाय." मग गेला. थोड्या वेळानं चहाची किटली घेऊन परत आला, बरोबर आणखी दोघं. एक ट्रॅक्टरवाला थांबला आणि कुणी न विचारताच म्हणाला, "माझ्याकडं साखळी हाय. जाड हाय. नुसतं सांगतोय." त्याला आपल्या साखळीचं एवढं कौतुक का होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, छान. तो ट्रॅक्टर बंद करून बसूनच राहिला.

हळूहळू दहा-बारा माणसं जमली. कुणी द्राक्षं आणली. शेजारच्या वस्तीवरून एक बाज आली. उसाचा दर, नवीन पूल, कुणाची सोयरीक, सगळ्या गप्पा झाल्या. गाडीबद्दल एकानंही एक शब्द काढला नाही, म्हणजे कुणाला पत्ता लागला नाही. त्रिशलाला फोनवर फक्त "उशीर होईल" म्हणालो, तर ती रिक्षानं डबाच घेऊन आली. आम्हा जैनांना दिवस मावळायच्या आत जेवायला हवं ना. बाजेवर बसून जेवलो. ऊन उतरल्यावर सहज बटण दाबलं आणि गाडी सुरू!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाऱ्याला, बहुतेक.

२० मार्च

पुण्याच्या सर्व्हिसवाल्याला फोन केला. मोरीत जाऊन, नळ सोडून.

तो म्हणाला, "सर, एडलबर्ग बंद पडत नाही."

मी म्हटलं, "पडली."

"सर, तशी तक्रार आमच्याकडे येत नाही."

"आता आली की."

मग त्यानं मला गाडी बंद करून दहा मिनिटांनी चालू करायला सांगितलं. पुढची तारीख दिली ती मेमधली, कारण देशात ज्या मोजक्या माणसांना एडलबर्ग उघडता येते त्यातला एक परदेशी शिकायला गेला आहे. दुर्मिळपणाची ही बाजू शोरूममध्ये कुणी सांगितली नव्हती.

२ एप्रिल

मल्हार आला होता. नवा फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. त्याच्या स्वप्नालीचं लग्न ठरलं. ही पोर लहानपणी मेंढरांमागं आमच्या बांधावरून पळायची, आता पोलीस भरतीत पहिल्या फटक्यात निघाली आहे. नवरा शिवतेज, साताऱ्याला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, गाव माण तालुक्यात. लग्न त्यांच्या गावी.

मल्हार बराच वेळ पेढ्याचा दोरा सोडत-बांधत बसला. शेवटी बोलला. "अण्णा, आमी जलमभर दुसऱ्याच्या रस्त्याच्या कडंकडंनं चाललू. गाडी आली की मेंढरं खाली घ्यायची. हॉर्न वाजला की दबायचं. आईचं म्हणणं हाय, नात जाताना मधनं जावी. रस्त्याच्या बराबर मधनं. तुमची येडी मिळंल का?"

मी ताबडतोब हो म्हटलं. वर असंही म्हटलं की, मल्हार, काळजीच नको, ही गाडी बंद पडत नाही.

तो माझ्याकडं क्षणभर बघत राहिला. "तसं आसंल तर झाकच," म्हणाला.

तो गेल्यावर त्रिशला बाहेर आली. "सांगायचं होतं त्याला."

"काय सांगायचं?"

"वारं."

तिला कसं कळलं? मी तर तिलाही काही बोललो नव्हतो.

२४ एप्रिल

पोर्चमध्ये पुन्हा बंद पडली. सकाळभर मेली होती, दुपारी आपोआप उठली.

झोप लागत नाही. मल्हारला फोन करावा म्हणून चारदा नंबर काढला. पण बनाबाईनं नऊ वस्त्यांवर सांगून ठेवलंय. जीप घेऊन गेलो तर मल्हार काही बोलणार नाही, हेच वाईट. एडलबर्ग घेऊन गेलो आणि ती माणच्या माळावर बसली तर पोरीच्या सासरी पहिल्याच दिवशी हसं. मी स्वतःशी खरं बोलतोय का? मला पोरीच्या हशाची भीती आहे की माझ्या? दोन्ही. माझ्या हशाची थोडी जास्त. लिहून टाकलं.

त्रिशला म्हणते, जीप मागनं येऊ दे, जिनेश चालवेल, आणि येडी पुढं. "बंद पडलीच तर बसू की जीपमध्ये." तिला सगळंच सोपं वाटतं.

६ मे

हात दुखतायत, पाठ दुखतेय, अंगावर भंडारा आहे, त्रिशला म्हणते अंघोळ करून लिहा. आधी लिहितो.

सकाळी मल्हारच्या वस्तीवर पोचलो. स्वप्नाली हिरवा शालू नेसली होती. माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, भिऊ नगा, हुतंय सगळं." नवरी मला धीर देत होती! मागं स्वप्नाली, बनाबाई आणि स्वप्नालीची आई, पुढं मी आणि त्रिशला. वऱ्हाड टेम्पोत आणि जीपमध्ये. बनाबाई अख्ख्या वाटेत काचेतून बाहेर बघत होती. रस्त्यात एका ठिकाणी मेंढरं आडवी आली. राखणारा पोरगा घाबरून हाकलायला लागला, तर म्हातारी म्हणाली, "थांबा वाईच. जाऊ द्या त्यास्नी आधी." मेंढरं गेली. गाडी सगळ्यांना पीं पीं करून सलाम करत राहिली.

माळ मागं पडला, घाट गेला, माणची हद्द लागली. गाडी तलम चालली होती. मला वाटलं, उगाच घाबरलो. वेशीवर वरपक्ष सामोरा आला होता. गजी ढोल, सनया, भंडारा. स्वागतासाठी थांबलो, आणि मी, एकसष्ट वर्षांचा शहाणा माणूस, सवयीनं गाडी बंद केली.

ओवाळून झालं. बटण दाबलं. लाल चिन्हं. ती बाई इंग्रजीत बोलली.

त्रिशलानं माझ्याकडं बघितलं. मी समोर बघितलं. वेशीपासून मांडवापर्यंत चांगला लांब रस्ता, सगळं गाव दुतर्फा, मुहूर्त जवळ. मी काच खाली करून मल्हारला बोलावलं आणि कानात सांगितलं. मला वाटलं, तो कोसळेल. त्यानं फेटा सावरला आणि मागं वळून सहा भाच्या-पुतण्यांना नुसती मान हलवली. पोरं आधीच गाडीच्या मागं उभी होती. जणू ठरल्यासारखी. पुण्याला फोन लावून गाडी न्यूट्रलमध्ये कशी टाकायची ते विचारून घेतलं आणि मल्हारनं ढोलवाल्यांना हात केला.

आणि एडलबर्ग निघाली!

वरातीची गाडी एरवी तरी कुठं पळते? ढोलाच्या तालावर पाऊल-पाऊल. पोरं मागनं ढकलत होती, पण अशी नाचत नाचत की बघणाऱ्याला वाटावं, आनंदानं गाडीला लगटलीत. भंडारा उधळत होता. माझी जांभळी-काळी गाडी पिवळीधमक झाली. सांगलीच्या हळदीचा व्यापारी मी, पण एवढी हळद अंगावर कधी आली नव्हती. बनाबाई काचेतून डाव्या-उजव्या बाजूला हात करत होती. रस्त्याच्या बरोबर मधून. आणि मला हसू आवरेना.

नवऱ्या मुलाचे मामा, अर्जुना म्हणून, मोठ्या मिशांचा गडी, माझ्या खिडकीला हात लावून बरोबर चालत होते. मध्येच थांबून कान लावून म्हणाले, "आरं तिच्या मायला! आवाजच न्हाई की ओ हिला!"

"परदेशी आहे," मी म्हणालो.

"नुस्तं हवंवर चालल्यागत! आमचा टेम्पो सुरू झाला की म्हसवडला कळतंय." त्यांनी मागच्या माणसाला ओरडून सांगितलं, त्यानं त्याच्या मागच्याला. थोड्या वेळात सगळं गाव आमच्या गाडीच्या शांतपणाचं कौतुक करत होतं. एक म्हातारा बॉनेटला कान लावून चार पावलं चालला आणि धन्य झाल्यासारखा बाजूला झाला. त्रिशलानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

मग बिरोबाच्या देवळाजवळचा चढ आला.

पोरांनी जोर लावला. गाडी थोडी चढली, थांबली, आणि वीतभर मागं आली. मागून कुणीतरी "आरं धर!" म्हणून ओरडलं. ढोल थांबला. ब्रेक दगडासारखा झालेला, त्यावर मी दोन्ही पाय ठेवून उभा राहिल्यासारखा बसलेला.

मागून बनाबाईनं विचारलं, "का थांबली रं?"

तोंडात आलं होतं, थांबलोय जरा. गेले दोन महिने तेच तर म्हणत आलो होतो. पण आरशात म्हातारीचा चेहरा दिसला, भंडाऱ्यानं पिवळा झालेला, आनंदानं फुललेला. तिच्याशी खोटं बोलवेना.

"आजी," मी म्हणालो, "बंद पडलीय. वेशीपासनंच बंद आहे. ढकलत आणलीय."

अर्जुना मामांचा हात खिडकीवर तसाच होता. ते वाकले. "म्हंजे? मघापासनं आवाज न्हाई, त्यो..."

"इंजिनच बंद आहे हो."

त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मी मनात म्हटलं, संपलं, पोरीचं सासर गेलं. आणि तो माणूस असा हसला, असा हसला, की रस्त्यावर बसला. मग त्याच्या मागचा हसला. मग ज्यानं बॉनेटला कान लावला होता तो म्हातारा. गडगडाट नुसता.

मागचं दार उघडलं. स्वप्नाली शालू खोचून खाली उतरली होती. "आजी, तू बस," म्हणाली. "आई, तू बी. आमी बघतू." आणि नवरी गाडीच्या मागं जाऊन खांदा लावून उभी राहिली. तेवढ्यात मांडवाकडून मुंडावळ्या उडवत नवरदेव पळत आला. त्यानं बॉनेट उघडायला लावलं, आत वाकून बराच वेळ बघितलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "अण्णा, ह्यात इंजिन दिसतच न्हाई. नुस्तं झाकणच हाय!" बॉनेट लावलं आणि तोही मागं गेला. स्वप्नाली त्याला म्हणाली, "डावीकडं लागा, उजवीकडं मी हाय." पहिलं बोलणं तेवढंच झालं दोघांचं. माणसं हसून हसून वेडी झाली.

मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. बाहेर सगळे खांदे लावत होते, नवरा-नवरी सुद्धा, आणि मालक म्हणून मी कापडी सीटवर. मला एकाएकी ते फार विचित्र वाटलं.

"त्रिशला," मी म्हणालो, "इकडं ये."

"अहो, मी? स्टिअरिंगला?"

"ये म्हणतो ना."

ती सरकली, चष्मा नीट केला, ब्रेकवर पाय ठेवला आणि म्हणाली, "सोडा आता. जा." जणू रोजचंच. मी उतरून मागं गेलो. मल्हारनं त्याच्या शेजारी जागा केली. डिकीवर सगळीकडं पिवळे पंजे उठले होते, त्यातच मी माझे दोन ठेवले. ढोल पुन्हा सुरू झाला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि गाडी हलली. चढ संपेपर्यंत माझे पाय दोनदा घसरले, चष्मा पडला, कुणीतरी उचलून माझ्या खिशात घातला. वर पोचल्यावर सगळे ओरडले. मीही ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

मी माझी गाडी पहिल्यांदाच मागून नीट बघितली. छान दिसते.

मांडव तिथंच वर, देवळासमोर. मुहूर्त गाठला. अक्षता पडल्या. दिवस मावळायच्या आत मला आणि त्रिशलाला आठवणीनं वेगळं वाढलं, कांदा-लसणाशिवाय. निघताना अर्जुना मामांनी मिठी मारली आणि म्हणाले, "अण्णा, आमच्या गावात इतक्या गाड्या आल्या, पण समद्या गावानं आणलेली ही पैली."

जीपनं परत आलो. येडी तिथंच, बिरोबाच्या देवळासमोर.

११ मे

पुण्याहून ट्रक जाऊन गाडी घेऊन गेला. ज्याला परदेशी पाठवलं होतं तो परत आला आहे. त्याचा फोन आला. एक लहानसा भाग बदलावा लागेल, तो बाहेरून यायला दोन महिने. एवढा वेळ लागतो याबद्दल त्यानं क्षमा मागितली. मग विचारलं, "सर, मागच्या बाजूला पिवळे डाग आहेत, पॉलिशनं जातील, काढू का?" मी म्हटलं, राहू द्या. तो म्हणाला, "सर, एडलबर्गच्या मालकांना असं..." मी म्हटलं, या मालकाला चालतं.

पोर्च रिकामा दिसतो. मी जिनेशला सकाळी सांगून टाकलं की आता लोक यायचे बंद होतील, गाडी नाही आणि तिचं नावही गेलं. माणपासून मिरजेपर्यंत सगळीकडं गोष्ट पोचली आहे. यार्डात हमालसुद्धा मला बघून विचारतात, "अण्णा, वारं कसं हाय?" म्हणजे तेव्हापासूनच...? सगळ्यांनाच...? त्रिशलाला विचारलं तर म्हणाली, "ट्रॅक्टरवाला साखळी घेऊन दिवसभर कशाला बसला होता, वाटलं तुम्हाला?" मी डोक्याला हात लावला. मग दोघंही हसत सुटलो.

१५ मे

आज कुपवाडहून पप्पूशेठचा फोन. रविवारी त्यांच्या वडिलांची पंच्याहत्तरी आहे.

मी म्हटलं, "पप्पूशेठ, गाडी नाही हो. दोन महिने पुण्यात आहे."

"ठाऊक हाय की."

"मग?"

"मग काय? तुमी या. एसटीनं या, न्हाईतर मी मोटारसायकल धाडतो. वडील सकाळपासनं इचारत्यात, अण्णा कवा येणार."

फोन ठेवल्यावर हायस्कूलच्या शिपायांचा आला. त्यांना शनिवारी नरसोबाच्या वाडीला जायचंय आणि सोबतीला माणूस हवंय. मग हरणाबाईचा निरोप, तिनं लाडू केलेत. संध्याकाळी स्वप्नालीचा साताऱ्याहून फोन. सासरचे सगळे एकदा तिकडं बोलावतायत.

गाडी नसताना मी जाऊन तिथं करणार काय, हे काही केल्या कळेना. त्रिशलाला विचारलं. ती माझ्याकडं बघून हसली आणि आत निघून गेली.

पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला आहे.